नकाशाची खिडकी बंद करू नका

नगर निगमाच्या भवन शाखेतली नकाशाची खिडकी आता कशाला हवी, असा प्रश्न जबलपुरात हल्ली वारंवार ऐकू येतो. विचारणाऱ्यांत बिल्डर आहेत, माझ्यासारखे नकाशे काढणारे आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. राइट टाउन, नेपियर टाउनमधल्या जुन्या घरांच्या जागी नवी इमारत उभी करू पाहणारी आपली मराठी कुटुंबेही आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: नकाशा ऑनलाइन भरला जातो, तो संगणक तपासतो, फी ऑनलाइन जाते, मंजुरीवर सहीसुद्धा डिजिटल होते. लहान प्लॉटना तर तत्काळ मंजुरीची सोय आहे. मग खिडकीमागच्या माणसाचे काम काय उरले? अडवणे आणि हात पुढे करणे, एवढेच.

हे म्हणणे मला चुकीचे आणि घातक वाटते. मी खिडकीच्या बाहेरचा माणूस आहे. नकाशे काढून मंजूर करून आणणे हा माझा व्यवसाय. त्या खुर्चीवर मी कधी बसलेलो नाही. खिडकी बंद झाली तर माझे काम हलकेच होईल. तरीही तिची बाजू मांडतो आहे, कारण ती गेल्यावर काय होईल हे मला माझ्याच फायलींवरून दिसते.

आधी त्या खुर्चीवरचा माणूस काय करतो ते पाहू. सगळे त्याला ‘बाबू’ म्हणतात. पण तो बहुधा सिव्हिलचा पदविकाधारक असतो. कुठे उपयंत्री, कुठे ठेक्यावर घेतलेला तांत्रिक सहायक. रजिस्ट्री, खसरा, बी-1, नामांतरणाचा आदेश, डायवर्शनचा म्हणजे शेतजमीन बिगरशेती केल्याचा कागद, लेआउटची मंजुरी, लीज असेल तर तिचे नूतनीकरण, हे सगळे कागद एकाच जमिनीचे आहेत की नाहीत, हे त्याला काही मिनिटांत ताडावे लागते. रजिस्ट्रीत रस्ता पूर्वेला लिहिलेला असतो आणि नकाशात तो उत्तरेला आलेला असतो. आजोबांच्या नावची जागा तीन भावांनी तोंडी वाटून घेतलेली असते आणि अर्ज एकाच भावाचा येतो. विकास योजनेत ज्या पट्ट्यातून रस्ता जायचा आहे, नेमक्या त्याच पट्ट्यावर कोणी आयुष्याची पुंजी लावलेली असते. यातले काही नुसते कागद वाचून कळते. बरेचसे अर्जदाराला दोन प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि अर्जदार कोण असतो? वास्तुविशारद बाळगणारा बिल्डर खिडकीवर फारसा येत नाही. त्याची कामे वरच्या मजल्यावर होतात. खिडकीवर येतो तो आधारतालच्या पलीकडे, महाराजपूरच्या बाजूला शेतातून कापलेला सहाशे चौरस फुटांचा तुकडा घेतलेला माणूस. प्लॉट विकणाऱ्याने रजिस्ट्री हातात दिली म्हणजे सगळे झाले, अशी त्याची समजूत असते. जमिनीचे डायवर्शन झालेले नसते, कॉलनीला परवानगी नसते. त्याला खिडकीवरचा माणूस म्हणतो, “भैया, पहले डायवर्शन का कागज लाओ, तब तक नींव मत खोदना.” त्या माणसाला राग येतो, तो बाहेर येऊन शिव्या देतो, आणि त्या शिव्यांवरूनच आपण खिडकीविषयी मत बनवतो. पण त्या एका वाक्याने त्याचे पायाचे सिमेंट, सळई आणि पुढची कोर्टकचेरी वाचलेली असते. संगणकाने त्याला काय सांगितले असते? ‘दस्तऐवज अपलोड करा.’ त्याने जो कागद हाताशी आहे तो अपलोड केला असता.

इथे संगणकाच्या तपासणीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण खिडकीविरोधकांचा सगळा भर तिच्यावर आहे. मध्य प्रदेशात नगर निगमांचे नकाशे एबीपीएएस या प्रणालीतून जातात. आम्ही लोक नकाशा ठराविक थरांत, म्हणजे लेअरमध्ये काढतो: प्लॉटची हद्द एका थरात, बांधकाम दुसऱ्यात, रस्ता तिसऱ्यात. प्रणाली ते थर वाचते आणि 2012 च्या भूमी विकास नियमांशी ताडून समासातली मोकळी जागा, एफएआर, उंची, पार्किंग नियमात बसते का ते सांगते. हे काम ती उत्तम करते आणि मला ती हवी आहे. पण ती तपासते ते मी काढलेले चित्र. मी रस्ता नऊ मीटरचा दाखवला तर तिच्या लेखी तो नऊ मीटरचा आहे. जागेवर तो साडेचार मीटरचा असून त्यात दोन ओटे पुढे आलेले असले तरी. प्लॉटच्या मागून नाला जातो हे मी दाखवले नाही, तर तिच्या लेखी नाला नाही. या शहरात ओमती आणि मोती नाल्यांनी पावसाळ्यात किती वस्त्यांत पाणी घातले आहे, हे इथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. प्रणालीला मात्र ते सांगावे लागते, आणि सांगणारा तोच असतो ज्याला ते लपवण्यात फायदा आहे.

जबलपूर हे तलावांचे शहर. गोंड राजवटीतल्या बावन्न तालांची आठवण लोक अजून काढतात. राणीताल राणी दुर्गावतीचा, आधारताल तिचा मंत्री आधारसिंह याचा, चेरीताल तिच्या दासीचा, अशी परंपरा सांगितली जाते. हनुमानताल, सूपाताल, देवताल, माढोताल, हाथीताल ही नावे आपण पत्त्यात रोज लिहितो. यांतल्या काहींत पाणी आहे. काही बुजले आणि त्यांच्यावर वस्त्या उभ्या राहिल्या. अशा भरावाच्या जमिनीवर घर बांधायचे तर पायाचा विचार वेगळा करावा लागतो. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तो प्रश्न आणखी निराळा. इथे वर्षानुवर्षे बसलेला तंत्रज्ञ अर्जावर मोहल्ल्याचे नाव वाचतो तेव्हा त्या नावाखालची जमीन त्याला ठाऊक असते. तो विचारतो, माती तपासली का? स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला कुठे आहे? हे ज्ञान कुठल्याही थरात भरलेले नाही. माणूस काढून टाकला की त्याच्याबरोबर तेही जाते.

यावर उत्तर मिळते की एकेका घरासाठी एवढी चिंता कशाला. 22 मे 1997 च्या पहाटे या शहराला त्याचे उत्तर मिळालेले आहे. 5.8 तीव्रतेचा तो भूकंप नर्मदा-सोन खोऱ्यातल्या भ्रंशावर झाला. जबलपूर आणि मंडला भागात तीसहून जास्त माणसे गेली, हजारो घरे कोसळली, त्याहून कितीतरी जास्त घरांना तडे गेले. खेड्यांत मातीची आणि दगडांची घरे पडली. ती पडतील हे सर्वांना माहीत होते. शहरात धक्का बसला तो काँक्रीटच्या नव्या अपार्टमेंटकडे पाहून. तळमजला गाड्यांसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर, आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशा इमारतींचे खालचे खांब चिरफळले. देशभरातल्या अभियंत्यांनी जबलपूरचे हे नुकसान अभ्यासले. पुढे 2001 चा भूज भूकंप झाला आणि 2002 मध्ये सुधारलेल्या आयएस 1893 या मानकात अशा मोकळ्या मजल्याच्या खांबांसाठी वाढीव ताकदीची अट आली. भूकंपाच्या दृष्टीने जमिनीचे सूक्ष्म विभागीकरण देशात जिथे सुरुवातीलाच हाती घेतले गेले, त्या शहरांत जबलपूर होते. म्हणजे शास्त्रज्ञांनी त्यांचे काम केले, मानक बदलले, नकाशे तयार झाले. पण हे ज्ञान सहाशे किंवा दोन हजार फुटांच्या घरापर्यंत पोहोचायला एकच दार आहे. अर्ज स्वीकारताना कोणीतरी विचारले पाहिजे की तळमजला मोकळा ठेवताय, तर खांबांचे गणित कोणी केले? तेच दार बंद करा म्हणणाऱ्यांनी 1997 नंतरच्या सगळ्या अभ्यासाचे काय करायचे ते सांगावे.

मंजुरी एकदा देऊन काम संपत नाही, हा दुसरा धडा या शहराने अलीकडेच घेतला. 1 ऑगस्ट 2022 रोजी दुपारी दमोह नाक्याजवळच्या न्यू लाइफ मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटलला आग लागली. आठ जण मेले, त्यांत रुग्णही होते आणि कर्मचारीही. आत-बाहेर जायला रस्ता एकच होता आणि आग तिथेच भडकली. तात्पुरत्या अग्निशमन अनापत्तीची मुदत संपून गेलेली होती, हे नंतर सगळ्यांनी वाचले. चौकशी झाली, निलंबने झाली, शहरभर रुग्णालयांच्या तपासण्या झाल्या. मला त्यातली एकच गोष्ट पुढे मांडायची आहे. मुदत संपल्याची तारीख कुठल्यातरी कागदावर होतीच. ती तारीख उलटली त्या दिवशी उठून ‘तुमची अनापत्ती संपली, दुसरा जिना कुठे आहे?’ असे विचारणे हे कोणा एका माणसाचे नेमून दिलेले काम नव्हते. आरोग्य खाते, अग्निशमन, भवन शाखा, वीज कंपनी, प्रत्येकाकडे आपापला तुकडा होता. परवानगीच्या खिडकीवर प्रशिक्षित माणूस आणि त्याच्या हातात सगळ्या खात्यांची एकत्र नोंद असती, तर त्या प्रश्नाला मालक सापडला असता. आपण मात्र आठ मृत्यूंनंतर उलट दिशेने निघालो आहोत: माणसे कमी करा, तत्काळ मंजुऱ्या वाढवा.

ही दिशा आली कुठून, तेही पाहिले पाहिजे. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या क्रमवारीत बांधकाम परवानगीच्या निकषावर ऑक्टोबर 2017 मध्ये भारत 181वा होता. दोन वर्षांनी तो 27वा झाला. देशभर पाठ थोपटून घेतली गेली आणि प्रत्येक राज्यात ‘किती दिवसांत परवानगी’ हा एकच आकडा महत्त्वाचा ठरला. पण भारतासाठी ते मोजमाप मुंबई आणि दिल्ली या दोनच शहरांत होत असे, आणि मोजली जायची ती सुमारे 1,300 चौरस मीटरच्या दुमजली गोदामाची परवानगी. जबलपूरच्या हाथीतालातले घर त्यात कधी नव्हते. काही देशांच्या आकड्यांत गैरप्रकार आढळल्यामुळे बँकेने ती क्रमवारी सप्टेंबर 2021 मध्ये बंदच केली. क्रमवारी गेली, तिच्यासाठी लावलेली घाई राहिली. त्या मोजमापात बांधकामाच्या गुणवत्तेवर देखरेख कशी होते यालाही गुण होते, हे आपल्याकडे कोणी आठवणीने सांगत नाही. आपण फक्त दिवस मोजायला शिकलो.

महाराष्ट्रातले मित्र मला तिकडचे उदाहरण देतात. डिसेंबर 2020 मध्ये एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आली, लहान भूखंडांची परवानगी सोपी झाली, कुणाचे काही बिघडले नाही, असे ते म्हणतात. सोपी होण्याला माझा विरोध नाही. पण परवानगी ‘मिळाली असे मानणे’ याचा कायद्यातला अर्थ त्यांनी पाहावा. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 45 मध्ये साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मानीव होते. त्याच ठिकाणी हेही लिहिले आहे की मानीव परवानगीवर केलेले बांधकाम नियमांच्या विरुद्ध निघाले, तर ते अनधिकृतच समजले जाईल. म्हणजे कार्यालयाने फाइल उघडून पाहिली नाही, चूक सांगितली नाही, आणि जोखीम सगळी घर बांधणाऱ्यावर. ज्याच्याकडे वकील आणि सल्लागार आहेत त्याला ही जोखीम पेलते. कर्ज काढून दोन खोल्या बांधणाऱ्याला कशी पेलावी? त्याला बांधण्याआधी ‘नाही’ म्हणणारा माणूस हवा असतो. बांधून झाल्यावर नोटीस घेऊन येणारा माणूस त्याच्या काय कामाचा?

आणि नियमांना वळसा घालून बांधलेल्या इमारतींचे काय होते? 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला झपाट्याने उभी केलेली बेकायदा इमारत कोसळली आणि 74 माणसे मेली. तिचा नकाशा कुठल्याच खिडकीवर आलेला नव्हता. तिथे अटक झालेल्यांत महापालिकेचे अधिकारीही होते.

आता सर्वांत जड आरोप: खिडकीवर पैसे मागतात. मागतात. सगळीकडे नाही, सगळे नाहीत; पण मागतात, आणि मागणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. तरी माझा प्रश्न आहे की मोठा पैसा कुठे फिरतो? खिडकीवरच्या माणसाला मंजुरी देण्याचा अधिकार नाही. त्याच्यासमोर रांग असते, प्रत्येक शब्दाला दहा साक्षीदार असतात. मोठा पैसा फिरतो तो जिथे रांग नसते तिथे: जागेवरच्या पाहणीत, वाढीव मजल्याकडे काणाडोळा करण्यात, आणि बांधून झालेले बेकायदा बांधकाम नंतर कायदेशीर करून घेण्यात. मध्य प्रदेशच्या 1956 च्या नगर निगम कायद्यात कलम 308-क खाली असे बांधकाम शुल्क भरून नियमित करता येते, म्हणजे आपण ज्याला कंपाउंडिंग म्हणतो ते. त्याची मर्यादा दहा टक्के होती. 2021 मध्ये सरकारने ती तीस टक्क्यांवर नेली. मंजूर क्षेत्रापेक्षा जवळपास तिसरा हिस्सा जास्त बांधा आणि पैसे भरा, असा त्याचा बाजारातला अर्थ झाला. नियम पाळणाऱ्याला आपण मूर्ख ठरवले ते तिथे. त्या तरतुदीविरुद्ध न बोलता जो खिडकीवरच्या पगारदाराकडे बोट दाखवतो, त्याची भ्रष्टाचाराची चीड मला खरी वाटत नाही.

उशिराचेही तसेच आहे. मध्य प्रदेशाने 2010 मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला, देशात पहिल्यांदा. ठरलेल्या मुदतीत सेवा नाही दिली तर अधिकाऱ्याला रोजचा दंड. चांगला कायदा. पण एक माणूस दोघांचे काम करत असला की मुदतीच्या शेवटच्या दिवशी फाइलीला एखादी त्रुटी लावून घड्याळ थांबवणे, हा त्याला बचावाचा सोपा मार्ग दिसतो. अर्जदाराला वाटते, मुद्दाम अडवले. माझ्या स्वतःच्या फायली अशा परत आल्या आहेत आणि मीही संतापलो आहे. पण त्या त्रुटीचे मूळ माणसांच्या तुटवड्यात आहे, आणि माणसे आणखी कमी केल्याने तुटवडा भरत नाही. ठेक्यावरच्या मुलाला अकरा महिन्यांचे पत्र देऊन बसवायचे, भूमी विकास नियमांचे प्रशिक्षण द्यायचे नाही, आमदाराच्या माणसाने दम दिला तर त्याच्या पाठीशी कोणी उभे राहायचे नाही, आणि नंतर तो निकामी आहे म्हणून खिडकीच बंद करायची, हा अन्याय आहे.

सर्वोच्च न्यायालयाची दिशाही खिडकीविरोधकांच्या उलट आहे. 17 डिसेंबर 2024 च्या निकालात, मेरठच्या एका अनधिकृत बांधकामाच्या प्रकरणात, न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले: बांधकाम चालू असताना मंजूर नकाशा जागेवर लावलेला हवा, पाहणीच्या नोंदी ठेवल्या पाहिजेत, भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय बँकांनी त्या इमारतीवर कर्ज देऊ नये, आणि बेकायदा बांधकाम जुने झाले म्हणून कायदेशीर होत नाही. हे सगळे करायला माणसे लागतात. नकाशा वाचता येणारी, जागेशी ताडता येणारी, सही करून जबाबदारी घेणारी माणसे.

म्हणून माझी मागणी खिडकी मोठी करण्याची आहे. तिथे बसणाऱ्याचे पद नियमित करा. सिव्हिल किंवा वास्तुशास्त्राची पदविका त्याला सक्तीची ठेवा आणि दर वर्षी प्रशिक्षण द्या. एबीपीएएस चालू राहू द्या, मोजणीचे काम तिलाच करू द्या, म्हणजे या माणसाचा वेळ रजिस्ट्री, रस्ता, नाला, माती आणि जिना पाहण्यात जाईल. तो जी त्रुटी लावेल ती पहिल्याच भेटीत, सगळी एकदम, त्याच्या नावानिशी लिहून द्यावी. दर खेपेला नवी त्रुटी काढता येणार नाही असा नियम करा. रुग्णालये, शाळा, लग्नाची सभागृहे यांच्या अनापत्तींच्या तारखा त्याच्याच पटलावर असू द्या. आणि तीस टक्क्यांची सवलत मागे घ्या. ती राहिली तर बाकी सगळे व्यर्थ आहे.

जबलपुरातल्या आणि इतर गावांतल्या वाचकांना एवढेच सांगणे आहे. पुढच्या वेळी तुमची फाइल अडली की वरच्या मजल्यावर ओळख शोधू नका. माहिती अधिकारात अर्ज करून फाइलीवरच्या टिपांची प्रत मागवा. कोणी काय लिहिले आणि फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून होती, ते तुमच्या डोळ्यांनी वाचा. त्यात खिडकीवरच्या माणसाचा दोष निघाला तर त्याच्याविरुद्ध तक्रार करा. आणि दोष वरचा निघाला, तर महापौरांना आणि आयुक्तांना तसे लेखी कळवा.